नावावर जाऊ नका, माल तराजूत टाका

पाऊस तोंडावर आला की साक्रीच्या बाजारात ताडपत्री, रेनकोट आणि बुटांची मागणी वाढते. पिंपळनेरकडचा कांदेवाला, मेंढरे घेऊन हिंडणारा ठेलारी, ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्यांवरचा कामगार, पोलीस भरतीची तयारी करणारा मुलगा, या सर्वांना उघड्यावर राहावे लागते. यातले बहुतेक जण दुकानात येऊन माल मागत नाहीत, नाव मागतात. "अमुक कंपनीचेच द्या." आपण व्यापारीही खूश होतो, कारण नावावर माल लवकर खपतो. परंतु ही सवय गिऱ्हाईकाला आणि आपल्यालाही महाग पडते.

माझाच तजुर्बा सांगतो. बरीच वर्षे मी एकाच कंपनीची ताडपत्री विकत होतो. इतका एतबार की गाठ उघडून पाहणेही सोडून दिले होते. एका उन्हाळ्यात ओळखीच्या शेतकऱ्याने ती काढलेल्या कांद्यावर टाकली. अवकाळी पाऊस आला, ताडपत्री घडीच्या जागी चिरली आणि कांदा सडला. तो ताडपत्री घेऊन माझ्याच दारात आला. मी ती तराजूत टाकली. छाप तीच, रंग तोच, पण चार किलोचा माल तीन किलोच्या आसपास भरला. ताडपत्रीचे पैसे मी परत केले. कांद्याचे कोण देणार?

हा हिशेब प्रत्येकाने शिकून घ्यावा. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर मालाचे ग्रॅममधील वजन. 18 बाय 12 फुटांची ताडपत्री 216 चौरस फूट, म्हणजे सुमारे 20 चौरस मीटर होते. तिच्यावर 200 जीएसएम छापले असेल तर वजन 4 किलो भरले पाहिजे, 250 असेल तर 5 किलो. काठ आणि कड्यांचे वजन धरले तर थोडे जास्तच भरावे. छाप खोटी असू शकते, तराजू सांगतो ते खरे.

दुसरी गफलत नावामुळेच होते. आपल्याकडे प्लॅस्टिकच्या कोणत्याही ताडपत्रीला सिल्पोलिन म्हणतात. वास्तविक ते सुप्रीम इंडस्ट्रीजच्या मालाचे नाव आहे. तो माल फिल्मचे थर आडवे-उभे चिकटवून बनतो, विणलेला नसतो. एचडीपीईची ताडपत्री मात्र पट्ट्या विणून, वर थर चढवून बनते. तिच्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे आयएस 7903 हे वेगळे मानक आहे. गिऱ्हाईक एक नाव घेते आणि दुसराच माल घरी नेते.

तिसरी गोष्ट, एका वस्तूत चांगली असलेली कंपनी सर्व वस्तूंत चांगली असतेच असे नाही. बूट टिकले म्हणून त्याच नावाचा रेनकोट डोळे मिटून घेऊ नये. रेनकोट उलटा करून शिवण पाहावी. सुईच्या भोकांवर आतून पट्टी चिकटवलेली नसेल तर कापड कितीही चांगले असो, पाणी खांद्यातून आत येते. बुटाचा तळ पॉलियुरेथेनचा असेल तर खोक्यावरचा महिना आणि वर्ष वाचावे. असा तळ दमट हवेत नुसता पडून राहिला तरी काही वर्षांत भुसभुशीत होतो. मोठ्या कंपनीचा बूटही त्याला अपवाद नाही.

पाठीवरच्या पिशव्यांचेही तसेच. कॉर्ड्युरा हे पिशवीचे नाव नसून कापडाचे आहे, आणि ते कापड अनेक कंपन्या वापरतात. दोन पिशव्यांचे कापड एकच असून भावात दुपटीचा फरक असेल, तर तो शिवणीत, चेनीत आणि बक्कलमध्ये दिसला पाहिजे. तिथे दिसत नसेल तर जास्तीचे पैसे केवळ छापेचे.

नावाला किंमत नाही असे माझे म्हणणे नाही. 1920 साली कलकत्त्यात सुरू झालेल्या डकबॅकने नाव कमावले ते चांगल्या मालावरच. तक्रार करायला पत्ता असतो, हाही फायदा आहे. पण नकली माल बनवणाराही खपणाऱ्या नावाचीच नक्कल करतो.

म्हणून व्यापारी बांधवांनी एवढे करावे. नवी गाठ आली की एक नग उघडून तोलावा. एकाच कंपनीवर दुकान न चालवता दोन-तीन ठिकाणचा माल ठेवावा. बिलावर कंपनीच्या नावाबरोबर माप, जीएसएम आणि वजनही लिहून द्यावे. मी आता हेच करतो, आणि त्या शेतकऱ्याने पुढची ताडपत्री माझ्याच दुकानातून, समोर तोलून घेतली.