कातळावरचा सरडा आणि नाल्यातला नाग

बेंगळुरू शहर ज्या नाइस खडकावर उभे आहे, तो सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा. लालबाग उद्यानात, शहर वसवणाऱ्या केंपेगौडाच्या मनोऱ्याखाली तो अजून उघडा दिसतो. इतरत्र बराचसा सुरुंग लावून फोडला गेला किंवा इमारतींखाली गाडला गेला. या उघड्या कातळाचा हक्काचा रहिवासी म्हणजे दक्षिण भारतातला खडकसरडा, सॅमोफिलस डॉर्सॅलिस. मुंग्या आणि इतर कीटक हे त्याचे मुख्य खाद्य.

एरवी मातकट दिसणारा नर विणीच्या हंगामात, म्हणजे साधारण एप्रिल ते ऑगस्ट, उंच दगड बळकावून बसतो. मादी समोर आली की त्याची पाठ लाल आणि कुशी काळ्या होतात. दुसरा नर आला की पाठ पिवळी आणि कुशी नारिंगी. भारतीय विज्ञान संस्थेच्या पारिस्थितिकी विज्ञान केंद्रातील मारिया ठाकर आणि अनुराधा बटब्याल यांनी या रंगपालटाचे मोजमाप केले. भांडणाचे रंग झपाट्याने चढतात. मादीसाठीचे रंग तितक्या वेगाने येत नाहीत, पण जास्त उठून दिसतात. प्रतिस्पर्ध्यासमोर वेळ दवडून चालत नाही आणि मादीसमोर फिके पडून चालत नाही, असा हा व्यवहार आहे. मात्र जो रंग मादीला दिसतो तोच शिकारी पक्ष्यालाही दिसतो. बहुतेक खडकसरड्यांच्या वाट्याला विणीचा एकच हंगाम येतो.

शहर वाढले तसा हा सरडा रिकाम्या प्लॉटमधल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर आणि कंपाउंडच्या भिंतींवर आला. तिथेही तो रात्री झोपायला कातळासारखाच खडबडीत पृष्ठभाग शोधतो, मात्र झाकलेली फट जास्त पसंत करतो. दोन आसऱ्यांपैकी धोक्याचा कोणता हे ओळखण्याच्या प्रयोगात उपनगरातले सरडे ग्रामीण सरड्यांपेक्षा लवकर शिकले आणि कमी चुकले. पण हुशारीलाही जागा लागते. प्लॉटवर बांधकाम सुरू झाले की तिथली वस्ती संपते. शहराच्या पोटात काय दडले आहे याची नोंदही अजून पुरी झालेली नाही: जमिनीवर वावरणारी श्रीलेखी ही पाल बेंगळुरूच्या परिसरातून नवी जात म्हणून नोंदली गेली ती थेट २०१६ साली.

माणसाचा हस्तक्षेप सरड्यापर्यंत किती आडवाटेने पोहोचतो, हे ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावर दाखवले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले होते आणि त्यामुळे गळ्याला रंगीत पिशवी असलेले सरडे वाढले होते. संख्या वाढली म्हणजे बरे चालले, असा निष्कर्ष मात्र घाईचा ठरला असता. ते सरडे माणसाला जास्त जवळ येऊ देत होते, पण अंगाने खंगलेले होते आणि त्यांचे रंगही फिके होते.

सापांचे शहरातले गणित वेगळे आहे. कचरा असेल तिथे उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण आणि नाग. तळ्यांत विरोळा असतो. तळ्यांना जोडणारे राजकालुवे, म्हणजे जुने पावसाळी नाले, सापांच्या वाटा बनतात. घोणस अंडी न घालता थेट पिल्लांना जन्म देते आणि ती पिल्ले पावसाच्या सुरुवातीला बाहेर पडतात. म्हणूनच या दिवसांत सर्पमित्रांना सतत बोलावणे येते.

पकडलेला साप लांबच्या जंगलात सोडला की काम झाले, ही समजूत सोयीची आहे, खरी नाही. कर्नाटकातल्याच आगुंबे भागात दूर नेऊन सोडलेला नागराज नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भटकत राहिल्याचे रेडिओ ट्रान्समीटरने दिसले. अनोळखी मुलखात सापाला ना बीळ ठाऊक असते, ना पाणी. तो पकडला तिथून जवळच सुरक्षित जागी सोडणे शहाणपणाचे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने नाग, घोणस, धामण आणि विरोळा कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात गेले. घोरपड तिथे आधीपासून होती. कायदा प्राण्याला वाचवतो, त्याच्या कातळाला आणि नाल्याला नाही, ही त्याची मोठी उणीव आहे.

दुसरीकडे, भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावल्याचा अंदाज आहे. कर्नाटकाने २०२४ मध्ये सर्पदंशाची सरकारदरबारी नोंद सक्तीची केली. प्रचलित प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषापासून बनते. त्यासाठीचे विष प्रामुख्याने तमिळनाडूतल्या इरुळ आदिवासींच्या १९७८ साली स्थापन झालेल्या सहकारी संस्थेतून येते. एकाच जातीचे विष प्रदेशागणिक बदलते, त्यामुळे प्रादेशिक प्रतिविषाची गरज आहे. तोवर दंश झालेल्याला हालचाल न करू देता थेट रुग्णालयात न्यावे. चिरा देणे, आवळून बांधणे, मंत्र घालणे यांत एक मिनिटही घालवू नये.