टी.सी. अडली की वर्ष बुडाले!

जून-जुलै उजाडला की आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीतील वकिलांकडे वेगळेच पक्षकार येऊ लागतात. त्यांचा ना धुऱ्याचा तंटा, ना वनहक्काचा दावा. हातात एक गुणपत्रिका, तिच्यावर तीन-चार विषयांपुढे नापासाचा शेरा, आणि सोबत धानाच्या बांधीतून थेट आलेला बाप. पोरगा नागपूरला शिकायला गेला. खोलीभाडे थकले, मेसचे पैसे थकले, पहिले वर्ष गेले. आता त्याला ब्रह्मपुरी, आरमोरी नाहीतर आलापल्लीच्या कॉलेजात यायचे आहे. घरून जाऊन-येऊन शिकेन म्हणतो. पण कॉलेज टी.सी. देत नाही. आधी बाकी भरा, मग दाखला न्या!

नापास झाला म्हणजे पोरगा ढ, असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा नकाशा समोर ठेवावा. १९८२ साली चंद्रपूरपासून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा. सिरोंच्याहून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे दोनशे किलोमीटर. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. घरी माडिया किंवा गोंडी, शाळेत मराठी आणि बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षाला एकदम इंग्रजी. ज्याने बारावीपर्यंत परीक्षानळी नीट हातात धरली नाही, तो शहरातल्या प्रयोगशाळेत जाऊन उभा राहतो. दिवसा कॉलेज, रात्री लग्नाच्या पंगतीत वाढप्याचे काम. हजेरी भरत नाही, पेपर राहतात. मग नापास नेमके कोण झाले?

आता पैशाचे पाहू. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासूनची, म्हणजे बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते त्या काळातली. केंद्राने २०२१ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. केंद्राचा साठ टक्के वाटा आता थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात पडतो आणि कॉलेजची फी त्यातून त्याने स्वतः भरायची असते. कागदावर हे अगदी सरळ दिसते. पण पैसा येतो उशिरा, आणि येतो तेव्हा घरात दवाखान्याचे बिल असते, कृषी केंद्राची उधारी असते, बचत गटाचा हप्ता असतो. पैसा तिकडे गेला की कॉलेजच्या वहीत पोरगा थकबाकीदार! बापाने पैसे खाल्ले, असे शहाणपण सांगणाऱ्यांनी एक खरीप त्याच्या घरी काढावा. त्यात नापास झाल्यावर शिष्यवृत्तीची सवलत आटत जाते. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी २०१६-१७ पासून स्वाधार योजना आली, तिलाही गुणांची अट आहेच. ज्याचा पाय घसरला, काठी नेमकी त्याच्याच हातून काढून घेतली जाते.

कायदा काय सांगतो? थकलेली फी हे दिवाणी येणे आहे. ते वसूल करायचे तर कॉलेजने रीतसर मार्ग धरावा. दाखला म्हणजे सावकाराकडे गहाण टाकलेले मंगळसूत्र नव्हे. करार कायद्याच्या कलम १७१ चा आधार घेऊन शैक्षणिक प्रमाणपत्रांवर असा ताबा सांगता येत नाही, हे मद्रास उच्च न्यायालयाने स्पष्ट केले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार मूळ कागदपत्रे कॉलेजला ठेवून घेता येत नाहीत. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी प्रवेश रद्द केला तर जवळजवळ पूर्ण फी परत मिळते. त्या तारखेनंतर तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. तेव्हा तारखेवर डोळा ठेवावा. २०२३ च्या विनियमांनी तर फीसाठी कागद अडवणे ही थेट तक्रारीची बाब केली आहे. आधी कॉलेजची विद्यार्थी तक्रार निवारण समिती, तिने पंधरा कामकाजी दिवसांत अहवाल द्यायचा. तिथे न्याय न मिळाल्यास विद्यापीठाचा लोकपाल. ही तरतूद किती पोरांना ठाऊक आहे?

शिक्षण मधेच तुटणे ही आपल्याला नवी गोष्ट नाही. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना १९१७ साली लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. परंतु परतण्यापूर्वी त्यांनी चार वर्षांच्या आत पुन्हा येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी विद्यापीठाकडून घेऊन ठेवली होती. सिडनहॅम कॉलेजात नोकरी करून पैसा जोडला, मित्राकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठले. तिथेही प्रबंध पहिल्या फेरीत जसाच्या तसा स्वीकारला गेला नाही. दुरुस्त करून पुन्हा सादर केला, तेव्हा १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळाली. आम्हाला यात त्या परवानगीच्या कागदाचे मोल फार वाटते. जयंतीच्या भाषणांत मात्र त्याचा उल्लेख क्वचितच ऐकू येतो.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ती हद्दीची. २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झाले आणि हे दोन जिल्हे नागपूर विद्यापीठातून निघाले. विद्यापीठ जवळ आले, चांगलेच झाले. पण वडशाचा विद्यार्थी भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरला शिकला, तर विद्यापीठ बदलले! परत यायचे म्हणजे स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता प्रमाणपत्र आणि वर्ष मधे गेले असेल तर गॅपचे प्रतिज्ञापत्र. नागपूरहून येणाऱ्यालाही तेच. नव्या शैक्षणिक धोरणात उत्तीर्ण विषयांचे श्रेयांक बँकेत जमा राहतात आणि दुसरीकडे नेता येतात, असे सांगतात. हे खरे व्हायचे तर नव्या कॉलेजातल्या बाबूने जुने विषय जुळवून घेतले पाहिजेत. नाहीतर पास झालेला पेपरही पोराला पुन्हा द्यावा लागतो.

म्हणून प्रवेश रद्द करण्यापूर्वी नव्या कॉलेजात जागा आहे का आणि कोणते विषय धरले जातील, हे लेखी विचारून घ्यावे. टी.सी.चा अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. तोंडी नकार ऐकून घरी येऊ नये, कारण त्याला आव्हान देणे कठीण जाते. बाकी खरोखर असेल तर हप्ते मागणारा अर्ज त्याच दिवशी द्यावा आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाची छापील प्रत सोबत जोडावी. आणि पोराला एकटे पाठवू नये. गावच्या बुद्धविहारातले दोन शिकलेले तरुण त्याच्यासोबत गेले, तर बाबूच्या टेबलावरचा कागद लवकर हलतो, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे.