मिरी घातलेले गोमांस आणि त्याची जोड : केरळातील कप्प

मसालेदार मांसाबरोबर काय वाढावे, हा प्रश्न सामान्यतः केवळ रुचीचा समजला जातो. केरळात मिरी घालून परतलेल्या गोमांसाबरोबर कप्प, म्हणजे कसाव्याचा उकडलेला कंद, खाण्याची जी रीत आहे, तिच्यात मात्र रुचीइतकाच इतिहासाचा व शरीरधर्माचा भाग आहे.

हे मांस (यात म्हशीचे मांसही येते) प्रथम आले, लसूण, धने व हळद लावून शिजवितात. मग खोबरेल तेलात छोटे कांदे, कढीलिंब व खोबऱ्याचे काप यांसह काळपट होईपर्यंत परततात. भरडलेली मिरी शेवटी पडते. तिचा तिखटपणा पायपरीन या द्रव्याचा असून ते पाण्यात फारसे विरघळत नाही, स्निग्ध पदार्थात विरघळते. म्हणून पाण्याने तोंडाची आग शमत नाही. पिठूळ कंद व त्यात कालविलेला नारळाचा चव यांनी ती सौम्य होते. मिरी मूळची मलबारची. मिरची व कसावा ही दोन्ही अमेरिकेतून आलेली. मलयाळम् भाषेने ‘मुळक’ हे मिरीचे नाव पाहुण्या मिरचीस देऊन टाकले व मिरीला ‘नल्लमुळक’, म्हणजे चांगली मुळक, म्हटले. मराठी ‘मिरची’चे मूळही मिरीच होय.

त्रावणकोरात कसाव्याच्या लागवडीस विशाखम् तिरुनाळ (कारकीर्द १८८०–८५) यांनी उत्तेजन दिले. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश व्यापल्यावर तेथील तांदूळ येणे बंद झाले आणि गरिबांच्या ताटात भाताच्या जागी कप्प आली. तेव्हा ‘तोंडीलावणे’ हा शब्द येथे खरे तर मांसालाच शोभतो. पोट भरते ते कप्पने. महाराष्ट्रात हाच कंद साबुदाण्याच्या रूपाने उपवासाला चालतो, हा योगायोग मौजेचा आहे.

परंतु केवळ कप्पवर राहणे धोक्याचे असते. ताज्या कंदात प्रथिने शेकडा १ ते २ एवढीच. शिवाय त्यातील लिनामरीनपासून सायनाइड निर्माण होते. यासाठी कंद सोलून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी टाकून देतात. तरीही उरलेल्या अंशाचे शरीरात थायोसायनेट होण्यास गंधक लागते व ते गंधकयुक्त ॲमिनो आम्लांतून मिळते. आफ्रिकेत नीट प्रक्रिया न केलेला कडू कसावा आणि प्रथिनांचे दुर्भिक्ष एकत्र आले, तेथे पाय लुळे करणारा ‘कोंझो’ हा विकार आढळला आहे. मांस अगर मासळी ही उणीव भरून काढते. ही जोडी जमविणाऱ्यांना यातले रसायन ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

इतर जोडींविषयी थोडक्यात सांगता येईल. जाळीदार पालप्पमला नारळाच्या दुधातील पातळ इश्टू मानवते. कोरड्या मांसाशी तिचा मेळ बसत नाही. मैद्याचा पदरी परोटा खाणावळींत लोकप्रिय असला, तरी तेलावर तेल होते, म्हणून सोबत कच्चा कांदा व लिंबू हवेच. इडुक्की भागात मात्र हाडांसकट मांस व कप्प एकत्रच घोटतात. त्या पदार्थाचे नाव ‘एल्लुम् कप्पयुम्’, म्हणजे हाडे आणि कप्प. त्यात मुख्य कोण व जोडीचे कोण, हे वेगळे काढता येत नाही.