पाण्याची धार आणि पाण्याचा हिशेब

पाणी मऊ असते, असे आपण म्हणतो. ओंजळीत घेतलेले पाणी बोटांच्या फटींतून अलगद निसटून जाते. परंतु हेच पाणी मोठ्या वेगाने एखाद्या वस्तूवर आदळले, तर तिच्यावर घट्ट बसलेला चिखल पाहता पाहता उडून जातो. पाण्याच्या या गुणाचा उपयोग करून मोटारी, ट्रॅक्टर, अंगणातील फरशी, गोठे इत्यादी धुण्यासाठी जे यंत्र तयार करण्यात आले आहे, त्यास प्रेशर वॉशर म्हणतात. जर्मनीतील आल्फ्रेड कार्चर यांनी १९५० साली गरम पाण्याच्या दाबाने धुणारे यंत्र बनविले. पुढे अशा यंत्रांचे आकार लहान होत गेले आणि आज एका हाताने ओढून नेता येईल असे घरगुती यंत्रही मिळते.

या यंत्राची रचना अवघड नाही. त्यात एक विजेची मोटर असते. ती एका पंपास गती देते. पंपातील लहान लहान दट्ट्ये मागेपुढे सरकून नळाचे किंवा टाकीचे पाणी आत ओढतात आणि जाड नळीत ढकलतात. नळीच्या टोकाशी बंदुकीसारखी एक मूठ असते. तिचा खटका दाबला म्हणजे पाणी बाहेर येते. पाणी ज्या तोटीतून बाहेर पडते, तिचे छिद्र जेमतेम एक मिलिमीटर रुंदीचे असते.

घरगुती यंत्रात पाण्याचा दाब सुमारे १०० बार असतो. म्हणजे किती? ज्वारीने भरलेले क्विंटलभर वजनाचे पोते करंगळीच्या नखाएवढ्या जागेवर तोलून धरावे, इतका हा दाब होय. रबरी नळीने झाडांना पाणी घालताना तिचे तोंड अंगठ्याने दाबले की धार दूरवर जाते, हे तुम्ही पाहिले असेल. वाट अरुंद झाली की पाण्याचा वेग वाढतो. यंत्रात पंपाच्या जोरामुळे हा वेग फारच वाढतो. साध्या नळीतून पाणी सेकंदाला सुमारे दोन मीटर वेगाने पडते; या तोटीतून ते सेकंदाला शंभर मीटरहून अधिक वेगाने सुटते. वेग दुप्पट झाला की थेंबाच्या अंगची शक्ती चौपट होते, असा निसर्गाचा नियम आहे. म्हणूनच थोडे पाणी पुष्कळ काम करू शकते.

तर मग या यंत्राने पाण्याची बचत होते काय? याचे उत्तर अंदाजाने देऊ नये. हिशेब मांडून द्यावे. पाण्याचा हिशेब कसा मांडतात, हे आपल्या राज्यातील एका लहानशा गावाकडून शिकण्यासारखे आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसले आहे. तेथे पाऊस मुळातच कमी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावाची स्थिती फार खालावली. विहिरी आटल्या, डोंगर उघडे पडले आणि अनेक कुटुंबे पोटासाठी गाव सोडून गेली. १९८९-९० च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. त्यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी श्रमदान केले, डोंगरउतारावर समतल चर खणले, बांध घातले, झाडे लावली. कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळली. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण त्या गावाने खरी करून दाखविली. या कार्याबद्दल श्री. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

पण पाणी साठविल्याने काम संपले, असे गावाने मानले नाही. दरवर्षी किती पाऊस पडला हे मोजावयाचे, जमिनीत व विहिरींत किती पाणी आहे याचा अंदाज घ्यावयाचा आणि ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडावयाचा, अशी पद्धत त्यांनी घातली. माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी प्रथम बाजूला काढले जाते. शेतीचा विचार त्यानंतर होतो. ऊस व केळी यांसारखी फार पाणी पिणारी पिके गावाने वर्ज्य केली आणि शेतीसाठी विंधनविहिरी न घेण्याचे ठरविले.

आता हीच रीत आपण यंत्रास लावून पाहू. साध्या नळीतून मिनिटाला सुमारे १५ लिटर पाणी वाहते असे धरू. मोटार धुण्यास पंधरा मिनिटे लागली, तर २२५ लिटर पाणी खर्च होईल. यंत्रातून मिनिटाला सुमारे ६ लिटर पाणी येते. दहा मिनिटांत ६० लिटर होतील. शिवाय पाव युनिट वीज लागेल. बादली व फडके घेऊन धुतल्यास तीन बादल्यांत, म्हणजे सुमारे ४५ लिटरांत, काम भागते. ग्रामीण भागात प्रत्येक माणसास दररोज ५५ लिटर पाणी मिळावे, असे जल जीवन मिशनने ठरविले आहे. म्हणजे नळी मोकळी सोडून मोटार धुणारा मनुष्य चार जणांचे दिवसाचे पाणी वाहून घालवितो. यंत्र वापरणाराही एका माणसाचे पाणी खर्च करतोच.

यावरून यंत्र केव्हा वापरावे हे ठरविता येते. मोटारीवर नुसती धूळ असेल, तर ओले फडके पुरे. चाकांच्या आत वाळलेला चिखल बसला असेल किंवा फरशीवर शेवाळ धरले असेल, तेथे यंत्राचा खरा उपयोग. गोठ्यातील शेण आधी फावड्याने व खराट्याने काढावे. ते खताच्या कामी येते आणि धुण्यास पाणीही कमी लागते. मोटार सावलीत उभी करावी, चिखल आधी भिजू द्यावा आणि वरून खाली धूत यावे. तेलकट भाग चिंधीने पुसून घ्यावेत, कारण तेल मिसळलेले पाणी जमिनीत मुरून विहिरीपर्यंत पोहोचू शकते.

या धारेशी खेळ मात्र मुळीच करू नये. ती कातडी फाडून पाणी शरीरात घुसवू शकते. अशी जखम वरून लहान दिसली, तरी विलंब न लावता दवाखाना गाठावा. माणसावर किंवा जनावरावर धार कधीही रोखू नये. हे यंत्र मोठ्या माणसांनीच चालवावे. मुलांनी दूर उभे राहावे. धार पंख्यासारखी पसरणारी तोटी लावावी आणि ती मोटारीच्या पत्र्यापासून हातभर दूर धरावी. टायरच्या फार जवळ नेऊ नये. मातीची भिंत, जुना गिलावा, विजेची बटणे व सिमेंटचे जुने पत्रे यांवर ती सोडू नये. पायांत बूट असावेत, विजेच्या जोडणीस अर्थिंग असावे आणि पाण्याशिवाय पंप चालवू नये.

यंत्र पाण्यास जोर देते. किती पाणी खर्च करावयाचे आणि कोणत्या कामास प्रथम द्यावयाचे, हे मात्र माणसासच ठरवावे लागते. हिवरे बाजारच्या ग्रामसभेत दरवर्षी हाच प्रश्न विचारला जातो. नळाची चावी फिरविण्यापूर्वी आपणही तो स्वतःस विचारावा.