४६ एमबी आणि एक वेलांटी

जुन्या संगणकासाठी बेताची कार्यप्रणाली निवडताना आधी रॅम पाहिली जाते. लिनक्सवर बेतलेली टायनी कोअर सुमारे २३ एमबीत मावते आणि खिडक्या-बटणांच्या पडद्यासह ४६ एमबी रॅमवर सुरू होते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते, म्हणजे जवळपास नव्वदपट. बॅरी काउलर यांनी ऑस्ट्रेलियात २००३ मध्ये सुरू केलेली पपी लिनक्स याच जातकुळीतली. पेन ड्राइव्हवरून उठून ती रॅममध्ये जाऊन बसते, त्यामुळे कुरकुरणाऱ्या हार्ड डिस्कशी तिचा फारसा संबंध येत नाही. सगळेच कौतुकाचे. फक्त, ४६ हा आकडा रोमन लिपीचा हिशेब धरून काढलेला आहे, आणि मळवलीत तो पुरत नाही.

मळवली हे पुणे-लोणावळा लोकलवरचे स्थानक. एका अंगाला कार्ल्याची लेणी, दुसऱ्या अंगाला भाजे, लोहगड, विसापूर. पावसाळ्यात इथल्या भिंती ओल धरतात, आणि कोपऱ्यात पडलेला संगणकही त्यातून सुटत नाही. सुटे भाग पुण्याला तपकीर गल्लीत मिळतात, पण पहिला इलाज खोडरबराचा. दुरुस्ती करणारा रॅमची पट्टी काढतो, तिच्या सोनेरी कडेवरचा काळपट थर शाळकरी खोडरबराने घासतो, ब्रशने कण झाडतो आणि पट्टी खाचेत परत दाबतो. टक् झाले की बसली. धूळ, ओल आणि रबर यांचा एकत्र वास त्या टेबलाला असतो. कितीतरी ‘मेलेले’ संगणक एवढ्यावरच उठतात आणि श्रेय फुकटात लिनक्सला जाते.

मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा बटनसेल तेव्हाच बदलावा. तो संपला असेल तर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, सुरक्षा प्रमाणपत्रांच्या तारखा जुळत नाहीत आणि ब्राउझर एकेक संकेतस्थळ नाकारू लागतो. या वेळी खापर मात्र नव्या प्रणालीवर फुटते.

प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवणे आणि बायोसमधला बूटचा क्रम बदलणे हे किरकोळ काम. फार जुनी यंत्रे यूएसबीवरून उठत नाहीत, त्यांना सीडी लागते.

खरा भार ब्राउझरचा. डिलो हा ब्राउझर हलका आहे, पण जावास्क्रिप्ट चालवत नाही, त्यामुळे महाभूलेखवर सातबारा पाहायला त्याचा उपयोग नाही. फायरफॉक्स घेतला की ४६ एमबीची गोष्ट संपलीच. तो उघडायलाच काहीशे एमबी लागतात. पेंटियम ३ वर तर आजचा फायरफॉक्स चालतच नाही, कारण त्या चिपमध्ये एसएसई २ हा आज्ञासंच नाही.

मग मराठी. टायनी कोअरच्या खिडक्या एफएलटीके या छोट्या संचावर उभ्या आहेत. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते अक्षरानंतर, पण दिसावी लागते अक्षराआधी. ही अदलाबदल एफएलटीकेची साधी बांधणी करत नाही. फाइलला ‘विठ्ठल’ नाव दिले तर वेलांटी व च्या मागे लोंबते आणि जोडाक्षराचे तुकडे पडतात. फाँटची अडचण नाही. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडवलेल्या आणि रेड हॅटने २००४ मध्ये खुल्या केलेल्या लोहित मालिकेतला देवनागरी फाँट एक एमबीसुद्धा भरत नाही. जागा लागते ती अक्षर जुळवणाऱ्या हार्फबझ, पँगो यांना आणि त्यांच्यामागून येणाऱ्या लवाजम्याला. छोटेपणाच्या शर्यतीत नेमके हेच पहिल्यांदा कापले जाते.

म्हणून मराठी कामासाठी १ जीबी रॅम धरून चालावे आणि अँटीएक्ससारखी प्रणाली घ्यावी. ती डेबियनवर बेतलेली आहे, तिच्यात मराठी नीट उमटते आणि इनस्क्रिप्ट कळफलकही लावता येतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट संगणकावर नव्याने प्रणाली उतरवण्याची सोय राहिलेली नाही. अशा यंत्राला डेबियन १२ वरची अँटीएक्स २३ चालते. त्यावर अर्ज टाइप करावेत, हिशेब ठेवावेत, सातबारा पाहावा. बँकेचे व्यवहार मात्र दुसरीकडे.