चांगली श्रुतिका ओळखावी कशी?

एखादं ऑडिओ ॲप उघडून ‘नाटक’ शोधलं की जे समोर येतं, त्यातलं बरंचसं कानासाठी लिहिलेलं नाटक नसतं. एकाच आवाजात वाचलेली कादंबरी असते, मागे बासरी लावलेली गोष्ट असते, नाहीतर नाट्यगृहातल्या प्रयोगाचं ध्वनिमुद्रण. यातही ऐकण्यासारखं पुष्कळ आहे. पण श्रुतिकेची जात वेगळी, आणि ती पहिल्या पाच मिनिटांत कळते.

‘सॉरी, राँग नंबर’ घ्या. अमेरिकेच्या सीबीएस रेडिओवर ‘सस्पेन्स’ मालिकेत २५ मे १९४३ रोजी ती पहिल्यांदा झाली. लेखिका ल्युसिल फ्लेचर, लांबी जेमतेम अर्धा तास. अंथरुणाला खिळलेली एक बाई नवऱ्याच्या ऑफिसात फोन लावते. क्रॉस कनेक्शन लागतं आणि दोन पुरुष एका खुनाचा बेत करताना तिला ऐकू येतात. पुलावरून आगगाडी धडधडत जाईल तेव्हाच काम उरकायचं, म्हणजे किंकाळी कुणाला ऐकू जाणार नाही. मग ती ऑपरेटरला, पोलिसांना फोन करत सुटते. तिला पलीकडचं काही दिसत नाही, आपल्यालाही दिसत नाही. ती जितकी हतबल, तितकेच आपणही. गाडीचा आवाज इथे वातावरणनिर्मितीसाठी घातलेला नाही, सगळं कथानक त्याच्यावर उभं आहे. तिची भूमिका करणाऱ्या ॲग्नेस मूरहेड यांचा आवाज आधी त्रासिक, हुकूम सोडणारा. या बाईचा राग यावा अशीच योजना आहे, कारण पुढे तो आवाज घाबरत जातो तेव्हा आपल्याला आपल्याच रागाची लाज वाटू लागते. १९४८ साली फ्लेचर यांच्याच पटकथेवर चित्रपट आला. त्यात मागची हकिकत दाखवावी लागली, कॅमेरा घराबाहेर न्यावा लागला आणि रेडिओवरचा तो कोंडमारा सैल झाला.

फसलेली श्रुतिका ओळखणं त्याहून सोपं. ‘अरे, हातात पिस्तूल घेऊन तू माझ्याकडे का येतोयस?’ अशा थाटाचं वाक्य कानावर पडलं की समजावं, लेखकाचा ऐकणाऱ्यावर भरवसा नाही. अखंड वाजणारं पार्श्वसंगीत हीदेखील वाईट खूण. शांतता सोसण्याची हिंमत नसलेला दिग्दर्शक संवादही धड ऐकू देत नाही. उलट, बोलता बोलता पात्र माइकपासून दूर गेलं आणि खोली केवढी आहे ते कळलं, तर पुढे ऐकत राहावं.

आवाज हुबेहूबच हवेत असंही नाही. सॅम्युएल बेकेट यांची ‘ऑल दॅट फॉल’ १३ जानेवारी १९५७ रोजी बीबीसीच्या थर्ड प्रोग्रॅमवर झाली. आंधळ्या नवऱ्याला आणायला एक म्हातारी स्टेशनवर पायी निघालेली आहे, एवढीच गोष्ट. दिग्दर्शक डोनाल्ड मॅकव्हिनी यांनी गाई-मेंढ्यांचे आवाज माणसांच्या तोंडून काढले आणि तिच्या पावलांना ताल दिला. ते जग तिच्या मनातलं आहे, हे त्यामुळे न सांगता कळतं.

मराठीत आकाशवाणी मुंबईच्या ‘प्रपंच’ आणि ‘पुन्हा प्रपंच’ या मालिकांनी असा दिखाऊ प्रयोग केला नाही, त्याची गरजही नव्हती. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे आवाज इतके वेगळे होते की कोण बोलतंय हे नावानं सांगावं लागत नसे. त्यातलं पात्र टेकाडे भावजी घराघरांत ओळखीचं झालं ते चेहऱ्याशिवाय. घरगुती बोलण्याचा तो बाज आजच्या ऑडिओ मालिकांना अजून पुरता सापडलेला नाही, असं मला वाटतं. आज अभिनेते मोठ्या नावाचे असतात, पण संवाद टीव्हीसाठी लिहिल्यासारखे.

शोधताना विषयापेक्षा माणसांच्या मागे जावं. एक श्रुतिका आवडली की लेखक, दिग्दर्शक आणि ध्वनिसंयोजक यांची नावं टिपून ठेवावीत. फ्लेचर यांच्यामागे गेलात तर १९४१ साली ऑर्सन वेल्स यांनी रेडिओवर केलेली ‘द हिच-हायकर’ सापडेल. ‘सस्पेन्स’चे शेकडो भाग इंटरनेट आर्काइव्हवर फुकट आहेत. हिंदी चालत असेल तर विविध भारतीचं ‘हवामहल’ आहेच, छोट्या नाटिकांचं जुनं, भरवशाचं ठिकाण.

ऐकताना इअरफोन हवेत. मोबाइलच्या स्पीकरवर दूरचे आवाज विरून जातात. स्वयंपाक करता करता ऐकायला कादंबरी बरी, श्रुतिकेला मोकळा अर्धा तास द्यावा. सुरुवात ‘सॉरी, राँग नंबर’नंच करा, फक्त तिच्याबद्दल आधी काही वाचू नका. ऐंशीहून अधिक वर्षं जुनी गोष्ट आहे, शेवट कुणीतरी फोडलेला असायचाच.