शिमग्याची सोंगे आणि दारातला कुत्रा



फाल्गुन लागला की आपल्या कोकणात शिमग्याची गडबड सुरू होते. पंचमीपासून ढोल घुमू लागतात, पौर्णिमेला होम लागतो, आणि ग्रामदेवतेची पालखी वाडीवाडीतून घरोघर फिरते. मुंबईचे चाकरमानी रजा टाकून येतात. खेळे येतात, गोमू नाचते आणि सगळ्यांच्या पुढे उड्या मारत संकासूर येतो. अंगात काळा वेष, तोंडावर मुखवटा, लांब दाढी, डोक्यावर उंच टोकदार टोपी, कमरेला घुंगुर. मुले त्याला चिडवतात आणि तो मागे लागला की किंचाळत पळतात. फार मजा येते.

पण त्याच वेळी आपल्या दारातला मोत्या नाहीतर टिप्या काय करत असतो, तिकडे कुणाचं लक्ष असतं? तो आधी भुंकतो. मग कोणीतरी "गप रे!" म्हणून दगड उगारतो. मग तो खाटेखाली शिरतो, किंवा साखळीला हिसके देतो, किंवा रात्रीत कुठेतरी पळून जातो.

आमच्या वाडीत दोन वर्षांपूर्वी असेच झाले. एका घरी कुत्रा खळ्यातल्या खांबाला हातभर साखळीने बांधलेला होता. संकासूर नाचत नाचत त्याच्या अगदी अंगाशी आला. कुत्र्याने त्याच्या पोटरीला धरले. त्या माणसाला सरकारी दवाखान्यात इंजेक्शने घ्यावी लागली आणि त्या शिमग्यात तो पुन्हा नाचला नाही. कुत्र्याला दुसऱ्या दिवशी पोत्यात घालून खाडीपलीकडे सोडून आले. तो कुत्रा रोज शाळेपर्यंत मुलांबरोबर यायचा, कधी कुणावर गुरगुरलासुद्धा नव्हता. मग त्या दिवशीच का चावला? हे नीट समजून घेण्यासारखे आहे, म्हणून हा लेख.

कुत्रा माणसाला कसा ओळखतो? मुख्य म्हणजे वासाने. त्याचे नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटीने तीक्ष्ण. शिवाय आवाज, चालण्याची ढब, चेहरा आणि शरीराचा एकूण आकार ह्यांवरून. आता संकासुराकडे कुत्र्याच्या नजरेने पाहा. चेहरा झाकलेला. टोपीमुळे डोके दुप्पट उंच. वेषाला रंगाचा, सरसाचा, पेटीत ठेवलेल्या जुन्या कापडाचा वास. चाल म्हणजे उड्या. आवाज घुंगरांचा. ओळखीची एकही खूण शिल्लक नाही! आपण म्हणतो, "अरे, हा तर आपला शेजारचा काका." पण ते कुत्र्याला कोण सांगणार?

ह्याचा पडताळा पावसाळ्यात सहज येतो. इरलं घेऊन शेतातून येणाऱ्या आपल्याच धन्यावर कुत्रा भुंकतो. वाऱ्याची झुळूक धन्याकडून त्याच्याकडे आली, की भुंकणे तिथल्या तिथे थांबते आणि शेपटी हलायला लागते. डोळ्यांनी दिलेला निरोप नाकाने खोटा पाडला, असे समजा.

आणखी एक गंमत. मुखवट्याच्या लाल रंगाने कुत्रा बिथरतो असे बरेच जण म्हणतात. ते खरे नाही. कुत्र्याला निळा आणि पिवळा रंग ओळखता येतो, पण लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. आपला लालभडक मुखवटा त्याला मळकट तपकिरीसारखा दिसतो. तो घाबरतो आकाराला, हालचालीला आणि आवाजाला. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ हजारांपर्यंतचे. ताशाची कडकड आपल्याला स्फुरण देते, त्याच्या कानाला ती टोचत असेल.

कुत्रा घाबरला आहे हे भुंकण्याच्या आधीच कळू शकते, आणि हे तर आपण मुलांनी शिकलेच पाहिजे, कारण चावे जास्त करून मुलांनाच बसतात. झोप आलेली नसताना तो जांभई देतो. काही खाल्लेले नसताना नाक चाटतो. कान मागे पाडतो, शेपटी पायांत घालतो, तोंड दुसरीकडे वळवतो पण डोळ्यांच्या कडेने बघत राहतो, म्हणजे डोळ्याचा पांढरा भाग दिसू लागतो. एखादा पुढचा पाय उचलून धरतो. एवढे सांगूनही समोरचा पुढे आलाच, तर तो ताठ उभा राहतो, पाठीवरचे केस उभे करतो आणि अगदी गप्प होतो. हा गप्प झालेला कुत्रा भुंकणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा. शेपटी हलते म्हणजे तो खूशच आहे, असेही नाही. उंच आणि ताठ ठेवून भराभर हलवलेली शेपटी म्हणजे "पुढे येऊ नको."

आता बांधलेल्या कुत्र्याचा विचार करा. भीती वाटली की प्राण्यापुढे दोनच वाटा असतात, पळायचे किंवा लढायचे. साखळीने पहिली वाट आपणच बंद केली. मग राहिले काय? आमच्या वाडीतल्या त्या कुत्र्याचे तेच झाले, असे मला वाटते. त्याला खाडीपलीकडे सोडण्यापेक्षा साखळी मागच्या दारी नेणे सोपे होते.

तर उपाय काय? आपल्याकडे एक मोठी सोय आहे. पालखी कुठल्या वाडीत कोणत्या दिवशी येणार हे आधी ठरलेले असते. त्या दिवशी ढोलाचा पहिला आवाज ऐकू येण्यापूर्वीच कुत्र्याला मागच्या पडवीत किंवा आतल्या खोलीत न्यावे. खाली त्याचेच नेहमीचे गोणपाट घालावे, कारण त्याला स्वतःचा वास येतो. पाणी ठेवावे, दार लोटून घ्यावे, कवाडाच्या फटीला चादर लावावी. चघळायला काहीतरी द्यावे. घरातले कोणी एक माणूस मधूनमधून आत जाऊन शांतपणे बोलले तर फारच चांगले. (आमच्याकडे हे काम आजी करते. तिलाही ढोलाचा आवाज सोसत नाही, तेव्हा दोघांचेही बरे होते.) पुरणपोळी मात्र देऊ नये, ती गोड असते आणि तिच्यात जायफळ असते. मुंबईहून आलेले चॉकलेट आणि मनुका ही तर कुत्र्याला विषासारखी.

दुसरा उपाय जरा वेळ घेणारा आहे, पण माझ्या मते खरा तोच. कुत्र्याला सोंगाची सवय लावायची. रशियात इव्हान पावलोव्ह नावाचे शास्त्रज्ञ होऊन गेले. पचनसंस्थेवरच्या संशोधनाबद्दल त्यांना १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्याला खाणे देण्याआधी दर वेळी ठरावीक आवाज केला, तर पुढे पुढे नुसत्या आवाजानेच त्याच्या तोंडाला पाणी सुटते, हे त्यांनी दाखवून दिले. हीच युक्ती आपण मुखवट्याला लावायची. आधी मुखवटा आणि मग खाऊ.

शिमग्याच्या तीनचार आठवडे आधी सुरुवात करावी. पुठ्ठ्याचा एखादा मुखवटा खळ्यात जमिनीवर ठेवून द्या आणि बाजूला व्हा. कुत्र्याने त्याच्याकडे पाहिले, की भाकरीचा तुकडा किंवा उकडलेल्या अंड्याचा जरासा भाग टाका. त्याला स्वतःहून येऊन हुंगू द्या. कुत्र्याला ओढत मुखवट्याजवळ नेऊ नका. ओढत नेले की सगळी मेहनत फुकट जाते. दोनतीन दिवसांनी मुखवटा हातात धरा. मग तोंडाजवळ न्या, पण नेताना त्याच्याशी नेहमीच्या आवाजात बोलत राहा. मग क्षणभर तोंडाला लावा, काढा, आणि लगेच खाऊ द्या. मग जरा जास्त वेळ. घुंगुर वेगळे सवयीचे करावेत, आधी लांबून हळू वाजवून, मग जवळून. मुखवटा, घुंगुर आणि उड्या एकदम नकोत. कोणत्याही पायरीवर तो जांभया देऊ लागला किंवा कान पाडले, तर तो दिवस तिथेच थांबवावा आणि दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली उतरावे. रोज पाच मिनिटे पुरतात.

पिल्लाच्या बाबतीत हे काम फार सोपे असते. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी अनेक वर्षे पिल्लांचा अभ्यास करून १९६५ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचे झाल्यापासून बारा-चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जे जे बघते, ते त्याला जन्मभर ओळखीचे वाटते. म्हणून घरात पिल्लू असेल तर त्याला टोपीवाला, काठीवाला, छत्रीवाला, दाढीवाला सगळे लांबून आणि प्रेमाने दाखवावेत. दारी वासुदेव मोरपिसांची टोपी घालून आला, पोतराज आला, बहुरूपी आला, तरी मोठेपणी ते पिल्लू गडबडत नाही.

भुंकतो म्हणून कुत्र्याला मारू नये. का? तर पावलोव्हचाच नियम उलटा लागू होतो. संकासूर दिसला की पाठीत काठी बसते, एवढे त्याच्या लक्षात राहते, आणि पुढच्या वर्षी तो दुप्पट भुंकतो.

जे सोंग घेतात त्यांनीही थोडे सांभाळावे. त्यांत आपले दादा, काका असतात, तेव्हा हे घरी जाऊन सांगा. समोर कुत्रा दिसला तर मुखवटा वर करावा, घुंगुर हाताने दाबून धरावेत आणि आपल्या आवाजात दोन शब्द बोलावेत. डोळ्याला डोळा लावू नये, अंग थोडे तिरके करून उभे राहावे. त्याच्या अंगावर उडी मारून लोकांना हसवू नये. आणि पळू तर मुळीच नये, पळणाऱ्याचा पाठलाग करणे हे कुत्र्याच्या रक्तातच आहे. वाडीतल्या बेवारस कुत्र्यांना तर मागची पडवीही नसते. त्यांना पळायला वाट मोकळी ठेवावी. त्यांच्या शेपटीला फटाके बांधणे हा १९६० च्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे, हे काही जणांना माहीत नसते.

इतके करूनही कुत्रा चावलाच किंवा त्याचे नख लागले, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटे धुवावी. मिरची, चुना, हळद, तेल काही लावू नये. लगेच प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे आणि डॉक्टर सांगतील त्या सर्व तारखांना इंजेक्शने पुरी करावीत. आजोबा-आजी पोटातल्या चौदा इंजेक्शनांची गोष्ट सांगून घाबरवतात, पण ती पद्धत आता बंद झाली, हल्ली ती दंडात देतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर वाचतो. लुई पाश्चर ह्यांनी ६ जुलै १८८५ रोजी जोसेफ मायस्टर ह्या मुलाला ही लस पहिल्यांदा टोचली, तेव्हा तो फक्त ९ वर्षांचा होता, म्हणजे आपल्या चौथीतल्या मुलाएवढा. तो वाचला. कुत्र्यालाही दरवर्षी लस टोचून घ्यावी लागते. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, आणि ती शिमग्याच्या आधीच करावी.

पालखी पुढच्या वाडीत गेली की कुत्र्याला लगेच मोकळे सोडू नये, ढोलाचा आवाज अगदी ऐकू येईनासा होऊ द्यावा. आणि रंगपंचमी विसरू नका. त्या दिवशी मुखवटा नसतो, पण आपली सगळ्यांची तोंडे निळी-जांभळी झालेली असतात, म्हणजे कुत्र्याच्या दृष्टीने पुन्हा सोंगेच! लांबूनच हाक मारावी. त्याच्या अंगावर रंग टाकू नये, तो अंग चाटतो आणि रंग पोटात जातो. चुकून उडालाच तर कोमट पाणी आणि साध्या साबणाने धुवावा. रॉकेल लावू नये.